'रन' वाचताना आधी 'धावणे' विसरा

भाषांतराची कामं घ्यायला नुकती सुरुवात केली होती तेव्हाची गोष्ट. कपड्यांच्या धुलाईच्या सूचना मराठीत करायच्या होत्या. काम सोपं, पैसे बरे. एका ठिकाणी तीन शब्दांचं वाक्य होतं : 'कलर्स मे रन'. मी बेधडक लिहिलं, 'रंग धावू शकतात.' तपासणाऱ्या बाईंनी कागद परत पाठवला, तर समासात पेन्सिलीने एकच शब्द होता : 'कुठे?'

आता संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. येणारे बहुतेक नोकरदार, काही नुकतेच गावाकडून आलेले. 'रन म्हणजे काय?' असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'धावणे' म्हणतो. शाळेत पाठ केलेलं असतं. ते चूक नाही, पण इंग्रजी वाचताना 'रन' दिसला आणि कोणीतरी खरंच पायांनी धावत असेल, असं फार कमी वेळा होतं. म्हणून हा लेख.

आकडा सांगतो, पण घाबरू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली, तेव्हा सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या शब्दाकडे होता. पुढे नव्या आवृत्तीसाठी एकेक शब्द पुन्हा तपासायला घेतला, आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकलं. २०११ साली बातमी आली की नुसत्या क्रियापदाच्याच ६४५ अर्थछटा भरल्या. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, कारखाने, संगणक आले, आणि यातलं प्रत्येक 'रन' होऊ लागलं. रोजच्या वाचनाला मात्र, माझ्या अंदाजाने, पंधरा-वीस अर्थ पुरतात.

आणि आपण मराठी माणसांनी तर घाबरूच नये. आपल्याकडे 'लागणे' आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेड लागतं, निकाल लागतो, शोध लागतो, दार लागतं, डोळा लागतो. एसटी स्टँडवर 'बस लागली' म्हणजे गाडी फलाटाला आली, पिशव्या उचला. घाटात 'बस लागली' म्हणजे पिशवी उघडा. हे सगळं आपण कोणतंही कोष्टक पाठ न करता पेलतो. शेजारचा शब्द बघतो, प्रसंग बघतो, अर्थ आपोआप बसतो. 'रन'लाही नेमकं हेच करायचं आहे, फक्त सुरुवातीला जाणूनबुजून.

पहिली पायरी : 'धावणे' काढा, 'चालणे' लावून बघा

माझ्या वर्गातली ही सगळ्यात उपयोगी युक्ती. इंग्रजीतला 'रन' हा आपल्या 'धावणे'पेक्षा 'चालणे'चा जास्त जवळचा आहे. ऐकायला उलटं वाटेल, पण करून बघा.

'शी रन्स अ खानावळ' : ती खानावळ चालवते.
'द इंजिन इज रनिंग' : इंजिन चालू आहे.
'द प्ले रॅन फॉर टू इयर्स' : नाटक दोन वर्षं चाललं.
'द कार रन्स ऑन सीएनजी' : गाडी सीएनजीवर चालते.
'रन द प्रोग्रॅम' : प्रोग्रॅम चालवा.
'डायबिटीस रन्स इन द फॅमिली' : डायबिटीस आमच्या घराण्यात चालत आलाय.

शेवटचं वाक्य बघा. परदेशातल्या दवाखान्यांच्या फॉर्मवर हे हमखास विचारतात, आणि आपण 'चालत आलेलं' म्हणतो तेव्हा नेमकं तेच सांगत असतो. बातम्यांतही हेच : चॅनेलवाले इंग्रजीत 'रन अ स्टोरी' म्हणतात, मराठीत 'बातमी चालवली'.

गाड्यांपुरता मात्र अपवाद. 'ट्रेन्स आर रनिंग लेट' हे आपल्या स्टेशनवरही 'गाड्या उशिराने धावत आहेत' असंच ऐकू येतं. वीस मिनिटं एकाच सिग्नलला उभ्या असलेल्या लोकलमध्ये बसून ती 'धावत' असल्याचं ऐकणं ही वेगळी गंमत.

इंग्रजीत फोनवरचा एक जुना थिल्लर विनोद आहे. अनोळखी घरी फोन लावायचा आणि विचारायचं, 'इज युवर रेफ्रिजरेटर रनिंग?' समोरचा म्हणतो, हो. मग म्हणायचं, 'तर मग जा, पकडा त्याला!' हा विनोद वाचून हसू आलं, की पहिली पायरी ओलांडली असं समजा.

एक सावधगिरी : युक्ती उलटी लावू नका. प्रत्येक 'चालणे'चं 'रन' होत नाही. 'चालेल' हे आपलं उत्तर 'रन'मध्ये बसत नाही, तिथे 'दॅट्स फाइन'. 'मोबाइल चालत नाही' हे 'माय फोन इजंट वर्किंग'. आणि 'चालू माणूस' इंग्रजीत नेण्याचा नादच सोडा.

दुसरी पायरी : 'रन' कोण होतंय ते बघा

'चालणे' बसलं नाही, तर कर्त्याकडे बघा. पाण्यासारखं काही असेल तर अर्थ वाहण्याचा. नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, नाक 'रन' होतं, डोळ्यांतलं काजळ 'रन' होतं. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद : नदी वाहते, नळ सुरू असतो, नाक गळतं, काजळ ओघळतं. आणि कपड्याचा रंग जातो. बाईंच्या पेन्सिलीला खरं उत्तर तेवढंच होतं : 'रंग जाऊ शकतो, वेगळे धुवा.'

वाहण्याचा अर्थ मागाहून चिकटवलेला नाही बरं का. जर्मन भाषेत या शब्दाचे दोन भाऊबंद आजही आहेत. 'रेनन' म्हणजे धावणे आणि 'रिनन' म्हणजे वाहणे, ठिबकणे. इंग्रजीत दोन्ही घरं एकाच छताखाली नांदतात. हे कळल्यापासून मला 'रनिंग नोज'चं हसू येत नाही.

कर्ता न हलणारा असेल, म्हणजे रस्ता, भिंत, कुंपण, पाइप, तर अर्थ 'जाणे', 'पसरणे'. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' : रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. याचाच एक नमुना आपल्या घरात असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. सुताराला स्वयंपाकघराच्या कपाटांचा भाव विचारा, तो म्हणेल 'रनिंग फुटाला इतके'. तो 'रनिंग' म्हणजे सलग. भिंतीलगत टेप धरायची, दहा फूट भरले तर दहाचे पैसे. उंची आणि खोली ठरलेली, मोजायची फक्त लांबी. आमच्या सुताराने इंग्रजीचा वर्ग कधी लावला नाही, पण 'रन'चा हा अर्थ त्याच्याइतका स्वच्छ मला कुणी समजावला नाही. टेप भिंतीवरून सरकवत नेली आणि म्हणाला, 'ही पळत गेली बघा इथपर्यंत.'

कर्ता काळाशी बांधलेला असेल, म्हणजे करार, मुदत, सभा, तर 'असणे' किंवा पुन्हा 'चालणे'. भाडेकरार मार्चपर्यंत 'रन' होतो, म्हणजे मार्चपर्यंत असतो. इथे फार अडत नाही.

तिसरी पायरी : 'रन'च्या पुढे काय आलंय

'रन' नंतर लगेच एखादी वस्तू किंवा गोष्ट आली, की ती जोडी एकत्र उचलायची. तोडायची नाही. मराठीत दर जोडीला क्रियापद बदलतं, आणि नवखे इथेच अडखळतात.

'रन अ रेड लाइट' म्हणजे सिग्नल तोडणे. त्यांचा धावतो, आपला तुटतो. 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे. 'रन अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप असणे. 'तापमान चालवणे' असलं काही लिहू नका. 'रन अ टेस्ट' म्हणजे चाचणी घेणे. 'रन अ बाथ' म्हणजे टबात पाणी सोडणे. आपण बादलीवाले, तरी कादंबऱ्यांत हे फार येतं. 'रन अ‍ॅन एरंड' म्हणजे बाहेरची छोटी कामं उरकून येणे : दळण आणणे, बिल भरणे, पोस्टात जाणे. आमच्या आजीच्या भाषेत 'वरकाम'.

निवडणुकीची जोडी मात्र जरा थांबून बघण्यासारखी. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार 'स्टँड' करतो. म्हणजे एकीकडे धावतो, दुसरीकडे उभा राहतो, आणि दोन्हीकडे प्रचाराला तेवढाच फिरतो. आपण कोणाच्या बाजूचे? 'निवडणुकीला उभा राहिला' म्हणतो, म्हणजे ब्रिटनच्या. अमेरिकी बातमी वाचताना 'शी इज रनिंग फॉर प्रेसिडेंट' दिसलं, तर मनात थेट 'उभी आहे' असं वाचा. धावणाऱ्याला उभं करायला सुरुवातीला चमत्कारिक वाटतं, दोन बातम्यांनंतर सवय होते.

चौथी पायरी : शेपूट तपासा

'रन'च्या मागे 'आउट', 'इंटू', 'ओव्हर', 'डाउन', 'थ्रू', 'अवे' असं छोटं शेपूट असेल, तर अर्थ शेपूट ठरवतं, 'रन' नाही. ही पायरी चुकवली तर वाक्य पूर्ण उलटं लागू शकतं.

'रन आउट' आपल्या पोरासोरांना ठाऊक, पण क्रिकेटमुळे. तिथे धावबाद, जुन्या समालोचनात धावचीत. घरात मात्र 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं. वर्गात हे वाक्य दिलं तेव्हा एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, 'सर, दूध उतू गेलं का?' मला ते उत्तर चूक म्हणवेना. भांड्यातून बाहेर धावलेलं दूध म्हणजे उतू गेलेलंच की! त्याने शब्द जोडून अर्थ काढला, आणि शब्द जोडून इथे अर्थ निघत नाही. 'आउट'सोबत 'ऑफ' आलं, की जवळचा साठा संपला, एवढं लक्षात ठेवा : दूध, पैसे, वेळ, सहनशक्ती, काहीही.

'रन इंटू' माणसापुढे आलं तर अचानक भेट होणे : बाजारात जुनी मैत्रीण भेटली. भिंतीपुढे आलं तर आदळणे. अडचणीपुढे आलं तर अडचण उभी राहणे.

'रन ओव्हर' हा तिघांत वाटलेला. गाडीने केलं तर चिरडणे. सभेने केलं तर वेळेपेक्षा लांबणे. भांड्याने केलं तर भरून वाहणे. 'द स्पीकर रॅन ओव्हर' हे वाचून रुग्णवाहिका बोलावू नका, पाहुण्यांचं भाषण लांबलं आहे. कोणाला तरी चिरडलं असं म्हणायचं असतं तर ते 'कोणाला' वाक्यात आलं असतं.

बाकीची पटकन : 'रन अवे' म्हणजे पळून जाणे, इथे तरी मराठी जागच्या जागी बसतं. 'रन डाउन' माणसाबद्दल असेल तर थकून गळून गेलेला, इमारतीबद्दल असेल तर पडकी, बॅटरीबद्दल असेल तर उतरलेली. 'रन थ्रू' म्हणजे भरभर नजर फिरवणे किंवा तालीम घेणे.

पाचवी पायरी : 'अ' किंवा 'द' दिसलं तर ते नाम

'रन'च्या आधी 'अ', 'द' किंवा एखादं विशेषण आलं, तर ते क्रियापद नाही, नाम आहे, आणि आत्तापर्यंतचं सगळं बाजूला ठेवायचं. क्रिकेटची 'धाव' आपण जाणतोच. फलंदाज दोन टोकांमध्ये धावतात म्हणून ती धाव. पण चौकार मारून जागचा न हललेला माणूसही चार 'धावा' करतो. शब्द मूळ अर्थापासून कसा सुटतो त्याचा हा आपल्याच मैदानावरचा पुरावा.

'अ रन ऑन द बँक' म्हणजे पैसे काढायला ठेवीदारांची उडालेली झुंबड. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर अशाच रांगा लागल्या होत्या. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले. त्या वेळी बहुतेक कोणी रांगेत उभं नव्हतं, सगळं फोनवरून आणि संगणकावरून झालं, तरी शब्द 'रन'च. मराठीत याला एका शब्दाचा पर्याय मला सापडलेला नाही. 'झुंबड' जवळ जातो, पण झुंबड साडीच्या सेललाही उडते.

'द रन्स', अनेकवचनात आणि 'द' लावून, म्हणजे जुलाब. 'आय हॅव द रन्स' असं कोणी सांगितलं तर 'किती केल्या?' असं विचारू नये. आणि 'इन द लाँग रन' म्हणजे पुढे जाऊन, लांबचा विचार करता.

आता 'ड्राय रन'. हा मला वर्गानेच शिकवला. २ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोविड लसीकरणाचा 'ड्राय रन' झाला होता. लस न टोचता बाकी सगळं करून बघायचं : नोंदणी, रांग, खोल्या, नोंदी. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला 'रंगीत तालीम' म्हटलं. नाटकवाल्यांचा शब्द, चपखल बसला. एकाच गोष्टीला इंग्रजी कोरडं म्हणते आणि मराठी रंगीत, असं मी वर्गात रंगवून सांगत होतो. मागच्या बाकावरचा जुन्नरकडचा एक मुलगा मान हलवेना. म्हणाला, 'सर, आमच्याकडे ड्राय रन म्हणजे मोटर जळाली.'

त्याने मग फळ्यावर विहीर काढली. मोटर पाण्यात सोडलेली. रात्री लाइट येते, मोटर आपोआप चालू होते. विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, पंपाला ओढायला पाणी नसतं, तो कोरडाच फिरत राहतो. पाण्यामुळे जो थंडावा मिळायचा तो बंद, मोटर तापते, वाइंडिंग जळतं. म्हणून हल्ली स्टार्टरच्या पेटीत 'ड्राय रन'चं संरक्षण बसवून घेतात. पाणी तुटलं की पुरवठा बंद. 'रिवाइंडिंगला नेली की तीन-चार दिवस पाणी बंद,' तो म्हणाला, 'आणि नेमका तेव्हा कांदा पाण्यावर आलेला असतो.'

त्याचा अर्थ माझ्याइतकाच बरोबर होता. आरोग्य खात्याच्या बातमीत रंगीत तालीम, पंपाच्या माहितीपत्रकात कोरडं चालणं. शब्द तेच दोन. फरक कागद कोणाच्या हातातला आहे, याचा.

सहावी पायरी : कोश आणि वही

इंग्रजी-मराठी खिशातला कोश इथे कामाचा नाही, तो 'धावणे, पळणे' सांगून मोकळा होतो. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. केंब्रिजचा इंटरनेटवर फुकट आहे, आणि त्यात 'रन'चे अर्थ गटांत लावून प्रत्येक गटावर पाटी ठोकलेली असते : जलद जाणे, चालवणे, वाहणे वगैरे. आधी नुसत्या पाट्या वाचा, आपल्या वाक्याला जुळणारी सापडली की तेवढाच गट वाचा. शेपटाचे प्रकार वेगळ्या नोंदीत असतात. 'रन आउट' शोधायचं तर 'रन'च्या पानावर डोकं आपटत बसू नका.

वही मराठी शब्दाने लावा. एका पानावर 'चालणे', एका पानावर 'वाहणे', एकावर 'संपणे', आणि वाचनात 'रन' भेटला की ते पूर्ण वाक्य त्या त्या पानावर उतरवायचं. नुसता शब्द नाही, वाक्य. महिन्याभरात 'चालणे'चं पान भरलेलं असेल आणि 'धावणे'च्या पानावर एखाद-दोन ओळी.

हौस असेल तर जोडीला एक उद्योग : मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती इंटरनेटवर आहे, तीत 'लागणे' काढून बघा. आपला शब्द परक्याने कसा उलगडला हे वाचलं की परक्याचा शब्द उलगडायला हुरूप येतो.

रूपांचं एवढंच : आज 'रन', काल 'रॅन', आणि 'हॅव'नंतर पुन्हा 'रन'. 'हॅव रॅन' लिहू नका.

आता हा उतारा सोडवा. खालचं मराठी हाताने झाका.

'आय वॉज रनिंग लेट. माय नोज वॉज रनिंग, समवन हॅड लेफ्ट द टॅप रनिंग, अँड वी हॅड रन आउट ऑफ मिल्क. ऑन द स्टेअर्स आय रॅन इंटू द लेडी हू रन्स द क्रेश डाउनस्टेअर्स. "रन!" शी सेड. "द बस डझंट रन आफ्टर नाइन टुडे."'

माझं भाषांतर असं : 'मला उशीर झाला होता. नाक गळत होतं, कोणीतरी नळ तसाच सोडला होता आणि दूध संपलं होतं. जिन्यात खालचं पाळणाघर चालवणाऱ्या बाई भेटल्या. "पळा!" त्या म्हणाल्या. "आज नऊनंतर बस नाही."'

आठ वेळा 'रन' आला आणि पाय हलले ते एकदाच. तिथेही मी 'पळा' लिहिलंय. जिन्यात बाई 'धावा!' म्हणून ओरडल्या असत्या, तर सगळ्या मजल्यांची दारं उघडून लोक काठ्या घेऊन बाहेर आले असते.